शिंपल्यावरची जाळी आणि तिचे नाव

वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते तिथे, दक्षिणेच्या काठावर, अंजनवेल गाव आहे आणि त्याच्या माथ्यावर गोपाळगड. सुकतीच्या वेळी तिथल्या खडपावर उतरा आणि एखादा शिंपला उचलून पाहा. पुष्कळदा त्यावर पांढरट पापुद्रा दिसतो. मीठ साचले असेल असे आपल्याला वाटते. पण साधे भिंग धरले की त्यात बारीक विणलेली जाळी दिसू लागते. ही ब्रायोझोआ नावाच्या प्राण्यांची वसाहत. जाळीतला एकेक डोळा म्हणजे एकेक घर. घराची लांबी बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, भिंती चुन्याच्या. भरतीचे पाणी आले की आतला जीव दार उघडून केसांसारख्या बाहूंचा झुबका बाहेर काढतो आणि पाण्यातले सूक्ष्म अन्न ओढून घेतो.

माझ्या एका विद्यार्थ्याला तिथेच असा एक शिंपला सापडला. घराच्या कडेला काटे होते, आणि ते मला ठाऊक असलेल्या नमुन्यांसारखे नव्हते. "सर, नवी जात असेल का?" त्याने विचारले. मी म्हणालो, "असेलही. पण असं म्हणायला आधी बरंच करावं लागतं."

काय करावे लागते? निम्मा नमुना स्पिरिटमध्ये ठेवायचा, म्हणजे आतला मऊ जीव टिकतो. उरलेला गोड्या पाण्यात धुऊन, वरचे मांस काढून, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. एकच घर मोजून भागत नाही. वसाहतीच्या मध्यातली घरे जुनी, कडेची कोवळी. काटे कुठे झिजलेले, कुठे अजून फुटायचे असतात. एकाच वसाहतीतला हा फरक न ओळखता घाईने नावे दिली गेली, आणि पुढच्यांना ती निस्तरावी लागली. मग जुन्या वर्णनांशी आणि संग्रहालयांतल्या मूळ नमुन्यांशी ताडून पाहायचे. आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी जीवांना पूर्वी युरोपातल्या जातींचीच नावे चिकटवली गेली, म्हणून हे काम अधिकच किचकट. शेवटी वर्णन छापायचे आणि ज्यावरून नाव दिले तो नमुना संग्रहालयात ठेवायचा. उद्या कुणी शंका काढली तर त्याला तो पाहता आला पाहिजे.

हे नीट केले तर नाव किती टिकते पाहा. फर्डिनांड स्टोलिच्का हा मोराव्हियाचा माणूस. कलकत्त्याला भूगर्भ सर्वेक्षण खात्यात नोकरीला. बंगालमध्ये पोर्ट कॅनिंगच्या मचूळ पाण्यात त्याला असाच एक पापुद्रा सापडला. त्याने आतल्या जीवाची रचनाही तपासली आणि १८६९ साली मेंब्रानिपोरा बेंगालेन्सिस या नावाने वर्णन छापले. १८७४ मध्ये यारकंदहून परतताना लडाखात तो वारला. पुढे शास्त्रज्ञांनी ही जात इलेक्ट्रा नावाच्या प्रजातीत घातली. पण 'बेंगालेन्सिस' तसेच राहिले. आता स्टोलिच्काचे नाव तिच्यापुढे कंसात लिहितात. प्रजाती बदलली, पण जात प्रथम याने सांगितली, एवढे तो कंस सांगतो. १९७५ साली मेनन आणि नायर यांनी आपल्याच पाण्यातून इलेक्ट्रा इंडिका ही जात वर्णिली.

शिक्षकांना एक विनंती. मुलांनी असा शिंपला आणला तर त्यासोबत चिठ्ठी ठेवा: गाव, तारीख, शिंपला कशावर होता, पाणी खारे की मचूळ. चिठ्ठी नसलेला नमुना अभ्यासकाच्या फारसा कामाचा नाही. पुण्याला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे केंद्र आहे. तिथे विचारता येते.

आणि शिंपला घासू नका. आमच्या त्या विद्यार्थ्याने मला छान दिसावा म्हणून घरी तो रात्रभर चिंचेच्या पाण्यात टाकला होता, तांब्याचा गडू घासतात त्या हिशोबाने. आंबटात चुना विरघळतो. सकाळी शिंपला लख्ख, आणि जाळी गेलेली. चूक माझी, धुवायचे ते गोड्या पाण्याने, हे मी आदल्या दिवशीच सांगायला हवे होते. त्यानंतर तो दर उधाणाच्या सुकतीला खडपावर जातो. तसे काटे असलेली जाळी त्याला अजून सापडलेली नाही.