सभागृहात सीनिअर कोण? मोजपट्टी आधी की माणूस आधी?

आमच्या लॅबमध्ये एक मशीन आहे आणि त्याच्यासाठी कायम रांग असते. अलिखित नियम असा, की सीनिअर स्कॉलरचा नंबर आधी. मागे एकदा दोघांचं चांगलंच वाजलं. एकाचं रजिस्ट्रेशन आधीचं, पण मधे घरच्या अडचणीमुळे तो वर्षभर आलाच नव्हता. दुसरीचं रजिस्ट्रेशन नंतरचं, पण एका दिवसाचा खाडा नाही. दोघंही म्हणत होते, मी सीनिअर. आणि गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत होते.

हे आठवलं, कारण नेमका हाच वाद जून २०२४ मध्ये लोकसभेत झाला. आणि त्याच्या आधी, २०१९ मध्ये, ज्येष्ठतेवरूनच महाराष्ट्र विधानसभेत झाला, तेव्हा तर आमच्या धरमपेठेत चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. देवेंद्र फडणवीस इथलेच. राज्यात सरकार कोणाचं येणार हा प्रश्न आम्हाला मोहल्ल्यातल्या बातमीसारखा वाटत होता. मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, राज्यशास्त्राची नाही. पण कुठे काही मोजायचं असलं की माझे हात शिवशिवतात, म्हणून हा लेख.

आधी हे समजून घ्या, की सभागृहात ज्येष्ठतेचा प्रश्न येतो कुठे. दिल्लीत कोणाला कोणता बंगला, असल्या गोष्टींत तो येतोच, पण ते सोडा. खरा प्रश्न पहिल्या दिवसाचा असतो. निवडणूक झाली, नवं सभागृह आलं, पण त्याला अध्यक्ष नाही. लोकसभा विसर्जित झाली तरी जुना अध्यक्ष लगेच जात नाही. नव्या लोकसभेच्या पहिल्या बैठकीच्या अगदी आधी त्याचं पद सुटतं. मग पहिल्या दिवशी खुर्चीवर बसणार कोण? संविधानाचं कलम ९५ सांगतं, की अध्यक्ष आणि उपाध्यक्ष ही दोन्ही पदं रिकामी असतील तर राष्ट्रपती ज्या सदस्याला नेमतील तो. राज्यासाठी हेच कलम १८० मध्ये आहे, फक्त राष्ट्रपतींच्या जागी राज्यपाल. यालाच आपण हंगामी अध्यक्ष किंवा प्रोटेम स्पीकर म्हणतो. तो सदस्यांना शपथ देतो, नव्या अध्यक्षाची निवडणूक घेतो आणि मोकळा होतो.

आता दोन्ही कलमं नीट वाचा. ‘ज्येष्ठ’ हा शब्द कुठेच नाही. सगळ्यात ज्येष्ठ सदस्याला बसवायचं ही प्रथा आहे, नियम नाही. आणि ज्येष्ठ म्हणजे नेमका कोण, हे तर संविधानात नाहीच नाही.

बहुतेक वेळा याने काही बिघडत नाही. दोन दिवसांचं काम, कोणी का करेना. पण निकाल त्रिशंकू लागला की हीच दोन दिवसांची खुर्ची एकदम जड होते. २६ नोव्हेंबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की महाराष्ट्रात ताबडतोब हंगामी अध्यक्ष नेमा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत सगळ्या आमदारांची शपथ उरका आणि लगेच त्याच हंगामी अध्यक्षाने बहुमत चाचणी घ्यावी. गुप्त मतदान नाही, थेट प्रक्षेपण. म्हणजे राज्याचं सरकार राहतं की जातं, हे ज्याच्यासमोर ठरणार तो माणूस निवडायचा होता. त्याच दुपारी फडणवीसांनी राजीनामा दिला म्हणून ती चाचणी झालीच नाही, पण हंगामी अध्यक्ष नेमला गेला. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी भाजपचे कालिदास कोळंबकर यांना शपथ दिली. आठ वेळा निवडून आलेले आमदार.

इथे मी कागद-पेन घेऊन बसले. त्या सभागृहात काँग्रेसचे बाळासाहेब थोरातही होते, तेही आठ वेळा निवडून आलेले. थोरात १९८५ पासून सलग. कोळंबकर १९९० पासून. मग पाच वर्षं मागून येऊन कोळंबकरांचेही आठ कसे झाले? उत्तर सोपं आहे. नारायण राणेंसोबत त्यांनी शिवसेना सोडली, आमदारकीचा राजीनामा दिला आणि पोटनिवडणुकीत पुन्हा निवडून आले. त्यामुळे एकाच विधानसभेत त्यांच्या नावावर दोन विजय लागले. म्हणजे ‘किती वेळा निवडून आले’ असं मोजलं तर दोघं बरोबरीत, आणि ‘किती वर्षं सभागृहात बसले’ असं मोजलं तर थोरात पाचेक वर्षांनी पुढे. राजीनामा दिल्याने कोळंबकरांचा सभागृहातला काळ थोडा कमीच झाला, पण त्यांची ज्येष्ठता एकाने वाढली! प्रयोगशाळेत असं मोजमाप कोणी आणलं असतं तर आमच्या गाइडने वही तोंडावर फेकली असती.

पुढे २८ तारखेला उद्धव ठाकरे यांनी शपथ घेतली आणि विश्वासदर्शक ठरावाच्या आधी नव्या सरकारने हंगामी अध्यक्षच बदलला. कोळंबकरांच्या जागी राष्ट्रवादीचे दिलीप वळसे पाटील आले. ते १९९० पासूनचे, सात वेळा निवडून आलेले. अनुभव म्हणाल तर त्यांनी २००९ ते २०१४ मध्ये अध्यक्षपदच सांभाळलेलं, म्हणजे कामाची माहिती कोळंबकरांपेक्षा जास्तच. पण आकड्याने कमी. ३० नोव्हेंबरला सभागृहात फडणवीसांनी या बदलालाच हरकत घेतली, भाजपने सभात्याग केला आणि ठराव १६९ मतांनी मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी आपल्या विदर्भातले नाना पटोले बिनविरोध अध्यक्ष झाले आणि हंगामी अध्यक्षाचा विषय लोक विसरले.

आता दिल्लीत चला. जून २०२४. काँग्रेसचे कोडिकुन्नील सुरेश आठव्यांदा लोकसभेत आलेले. सरकारने मात्र कटकचे भर्तृहरी महताब यांना हंगामी अध्यक्ष केलं, ते सातव्यांदा आलेले. वर्षानुवर्षं बिजू जनता दलात असलेले महताब तेव्हा नुकतेच भाजपमध्ये आले होते. काँग्रेस म्हणाली, आठ मोठे की सात? सरकार म्हणालं, महताब १९९८ पासून सलग आहेत, सुरेश मधे १९९८ आणि २००४ ला हरलेत. म्हणजे आमच्या मशीनवालं भांडण जसंच्या तसं.

पण तिसरी मोजपट्टीही आहे ना? एकूण वर्षं. संसदीय कार्य मंत्रालयाच्या कार्यपद्धतीच्या पुस्तिकेत ज्येष्ठांची यादी करताना सदस्यत्वाच्या वर्षांचाच निकष आहे. म्हणून मी तोच हिशोब लावला. सुरेश नवव्या, दहाव्या, अकराव्या, तेराव्या, आणि मग पंधराव्या ते सतराव्या लोकसभेत होते. यातली नववी जेमतेम सव्वा वर्ष टिकली, अकरावी दीड. सगळं मिळून सुमारे २७ वर्षं. महताब बाराव्या ते सतराव्या लोकसभेत सलग. पण बारावी तेरा महिन्यांत कोसळली. त्यांची बेरीज सुमारे साडेपंचवीस. म्हणजे दोन मोजपट्ट्यांवर सुरेश पुढे, एका मोजपट्टीवर महताब. आणि वापरली ती नेमकी तिसरी.

वापरू नये असं माझं म्हणणं नाही हं. सलग असण्यालाही अर्थ आहे. प्रथा-परंपरा ताज्या आठवणीत असतात, सभागृहाच्या रोजच्या कामाची सवय तुटलेली नसते. ब्रिटनमध्ये ‘फादर ऑफ द हाउस’ हा मान सलग सेवेवरच ठरतो. तिथे २०२४ मध्ये एडवर्ड ली आणि जेरेमी कॉर्बिन दोघंही १९८३ च्या एकाच निवडणुकीत पहिल्यांदा आलेले, दोघंही तेव्हापासून सलग. मग? पहिली शपथ आधी कोणी घेतली ते बघतात. लींनी. विषय संपला, कोणी कोर्टात गेलं नाही. मोजपट्टी चांगली की वाईट, हा इथे मुद्दाच नाही. ती आधीपासून ठरलेली होती, आणि बरोबरी झाली तर काय करायचं तेही ठरलेलं होतं.

आपल्याकडे ‘सलग’ ही अट आधीपासून होती का? मागची उदाहरणं बघू. २०१४ मध्ये मोदी सरकारनेच विरोधी पक्षातल्या कमलनाथांना हंगामी अध्यक्ष केलं. आपल्या शेजारच्या छिंदवाड्याचे, नवव्यांदा निवडून आलेले. पण कमलनाथ १९९६ ते १९९८ लोकसभेत नव्हते! १९९६ ला त्यांच्या पत्नी उभ्या राहिल्या, नंतरच्या पोटनिवडणुकीत ते स्वतः पडले. तेव्हा ही फट कोणाला खुपली नाही, नऊ म्हणजे नऊ. बरं, २०१९ ला काय? टीकमगढचे वीरेंद्र कुमार, सातव्यांदा आलेले. त्याच सभागृहात मनेका गांधी होत्या, आठव्यांदा आलेल्या, मंत्रीही नव्हत्या, आणि १९९६ पासून त्यांचंही सलगच. वेळा, वर्षं, सलगपणा, कोणतीही पट्टी लावा, मनेका गांधी पुढे किंवा निदान बरोबरीत. पण दोघंही भाजपचे, त्यामुळे भांडणार कोण? त्याच्या आधी, २००९ ला, आपले नंदुरबारचे माणिकराव गावित हंगामी अध्यक्ष होते, नऊ वेळा सलग निवडून आलेले. त्या सभागृहात बांकुऱ्याचे बासुदेव आचार्यही नऊ वेळा आलेले होते. फरक इतकाच, की गावित सातव्या लोकसभेत पोटनिवडणुकीतून आले आणि आचार्य सुरुवातीपासून होते. दिवस मोजले तर आचार्य थोडे पुढे. तेव्हा सरकार काँग्रेसचं होतं, आणि गावितही काँग्रेसचेच.

म्हणजे चार लोकसभा आणि मोजपट्टी काही एक नाही. आमच्या क्षेत्रात याला फार वाईट नाव आहे. प्रयोगाचे आकडे आधी बघायचे, आपल्याला हवा तो निष्कर्ष कोणत्या चाचणीतून निघतो ते शोधायचं, आणि मग पेपरमध्ये लिहायचं की आम्ही हीच चाचणी वापरणार होतो. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी संशोधकाला आकडे गोळा करायच्या आधीच चाचणी लिहून द्यावी लागते. चाचणीत खोट असेल तर चालतं, ती सगळ्यांसाठी सारखी खोटी असते. निकाल बघून चाचणी निवडणं मात्र चालत नाही.

यावर कोर्टाने काय म्हटलं, असं तुम्ही विचाराल. २०१८ मध्ये कर्नाटकात राज्यपालांनी के. जी. बोपय्या यांना हंगामी अध्यक्ष केलं, तेव्हा काँग्रेस आर. व्ही. देशपांडे यांची ज्येष्ठता घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेली होती. पीठात आपल्या नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडेही होते. न्यायालयाने नेमणुकीत हात घातला नाही. चाचणीचं थेट प्रक्षेपण होऊ दे, एवढ्यावर प्रकरण मिटलं. संविधानात जो निकष लिहिलेलाच नाही, तो मोडला असं कोर्ट म्हणणार तरी कसं?

लिहिलेला निकषही बदलता येतो, हे जर्मनीवरून कळतं. तिथे नव्या संसदेची पहिली बैठक सगळ्यात वयस्क सदस्याने चालवायची अशी जुनी पद्धत. आपल्या संविधान सभेनेही ९ डिसेंबर १९४६ ला वय बघूनच सच्चिदानंद सिन्हांना तात्पुरतं अध्यक्ष केलं होतं. २०१७ मध्ये निवडणुकीच्या आधी जर्मन संसदेने नियम बदलला: वय नाही, संसदेतला काळ मोजायचा. एएफडी या उजव्या पक्षाचा म्हातारा सदस्य पहिल्या दिवशी भाषण ठोकेल ही भीती त्यामागे होती, हे उघड होतं. मार्च २०२५ ला त्याचा परिणाम दिसला. वयाने सगळ्यात मोठे एएफडीचे अलेक्झांडर गाउलांड होते, पण बैठक सुरू केली डाव्या पक्षाच्या ग्रेगोर गिझींनी. गिझींच्या कारकिर्दीतही २००२ ते २००५ अशी फट आहे, पण नियमात एकूण काळ आहे, सलग काळ नाही, त्यामुळे प्रश्न आला नाही. मला तो बदल काही फार स्वच्छ वाटत नाही. पण तो मतमोजणीच्या आधी झाला आणि चारचौघांत झाला, एवढं तरी मान्य करावं लागतं.

जून २०२४ च्या गोष्टीचा शेवट सांगायचा राहिला. सुरेश यांना महताबांच्या मदतीला शपथ देणाऱ्यांच्या पॅनेलवर घेतलं होतं, ते गेले नाहीत. मग २६ तारखेला अध्यक्षपदाच्या निवडणुकीत विरोधकांनी ओम बिर्लांसमोर उमेदवार दिला, तो सुरेशच. निवडणूक घेणारे महताब. आवाजी मतदानाने बिर्ला निवडून आले, मतविभागणी झाली नाही. ‘हो’चा आवाज मोठा की ‘नाही’चा, हे खुर्चीवरच्या माणसाने ऐकून ठरवायचं असतं.

मला विचाराल तर मी एकूण दिवसांची मोजपट्टी घेईन. पोटनिवडणुकीने आकडा फुगत नाही, अल्पायुषी लोकसभेला पूर्ण गुण मिळत नाहीत, आणि पडून पुन्हा निवडून आलेल्याला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले, पण १९७२ आणि १९९५ ला पडले. ‘सलग’ची पट्टी लावली असती तर १९९९ ला परत आलेले गणपतराव नवशिक्यांच्या रांगेत बसले असते. दिवस बरोबर आले तर पहिली शपथ आधी कोणाची ते बघावं, ब्रिटनसारखं.

डिसेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा कोळंबकरच हंगामी अध्यक्ष झाले, या वेळी नऊ वेळा निवडून आलेले म्हणून. माझ्या पट्टीने त्यांच्यापेक्षा जयंत पाटील आणि वळसे पाटील काही महिन्यांनी पुढे निघतात. दोघंही १९९० पासून आहेत आणि मधे राजीनाम्याची फट नाही. थोरात तर या वेळी पडले, म्हणून यादीतच नाहीत. आणि ही पट्टी मी आमच्या मोहल्ल्याच्या सोयीने काढली असं कोणी म्हणू नये म्हणून सांगते, फडणवीस १९९९ पासून आमदार आहेत, म्हणजे या यादीत बरेच खाली.