जुन्या घराला वाळवी लागते तेव्हा

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आणि सांगलीत कृष्णेच्या काठी जुने वाडे आजही आढळतात. वाईजवळ मेणवली येथील नाना फडणवीसांचा वाडा तर प्रसिद्धच आहे. अशा वाड्यांत माडीचा भार लाकडी खांबांवर व तुळयांवर असतो. एखादा खांब वाळवीने पोखरला, तर माडीवर वावरणाऱ्यांच्या जिवालाही धोका पोहोचतो. म्हणून वाळवीची शंका येताच कोणी खांबच काढून टाकू पाहतो, तर कोणी औषध शिंपडून स्वस्थ बसतो. हे दोन्ही मार्ग योग्य नव्हेत. वैद्य आधी रोग ओळखतो आणि मग औषध देतो. घराच्या बाबतीतही तोच क्रम पाळला पाहिजे.

लाकूड खाणारी ही वाळवीच आहे काय, हे प्रथम पाहावे. लाकडाला बारीक गोल छिद्रे असून खाली पिठासारखा भुसा पडत असेल, तर ते काम बहुधा भुंगेऱ्याचे असते. वाळवीची खूण निराळी आहे. तिचे कामकरी कीटक पांढुरके व मऊ अंगाचे असतात. कोरडी हवा त्यांना सोसत नाही. म्हणून ते जमिनीपासून लाकडापर्यंत मातीची झाकलेली वाट बांधतात. लाकडाचा वरचा पापुद्रा तसाच ठेवून ते आतील भाग खातात. असे लाकूड ठोकले असता पोकळ वाजते.

त्यानंतर वाळवी जिवंत आहे की नाही, हे पाहावे. मातीच्या वाटेचा लहानसा तुकडा मोडावा. आत कीटक दिसले, किंवा काही दिवसांनी ती वाट पुन्हा जोडलेली आढळली, तर वाळवी जिवंत आहे असे समजावे. तसे न दिसल्यासही आसपासचे लाकूड पाहत राहावे. कारण वाळवी दुसरी वाट काढते.

खांब किती पोखरला आहे, हे जाणत्या सुताराकडून तपासून घ्यावे. केवळ बुंधाच खराब झाला असेल, तर माडीला धीरे देऊन तेवढा भाग कापता येतो व तेथे नवे लाकूड सांधता येते. गाभाच पोकळ झाला असेल, तर मात्र खांब बदलणे भाग पडते.

परंतु मूळ कारण राहिले, तर नव्या लाकडालाही वाळवी लागेल. तिला ओल हवी असते. म्हणूनच पूर्वीचे कारागीर खांब मातीत न रोवता दगडी तळखड्यावर उभा करीत. तळखड्याभोवती माती साचली असेल, तर ती काढावी. गळके कौल व फुटलेली मोरी दुरुस्त करावी. सांगलीत 2005, 2019 आणि 2021 साली कृष्णेचा महापूर आला. पुराचे पाणी शिरलेल्या घरांच्या भिंती पुरत्या वाळू देणे, हे तेथे विशेष अगत्याचे असते.

वाळवीचे वारूळ बहुधा जमिनीत असते. म्हणून केवळ लाकडाला औषध लावून भागत नाही. ते पायालगतच्या मातीतही सोडावे लागते. हे औषध विषारी असल्याने ते काम प्रशिक्षित माणसावरच सोपवावे. वाड्यात आड असेल, तर त्याला ते आधीच सांगावे. घर वाचविताना पिण्याचे पाणी दूषित झाले, तर तो उपाय अपायच ठरेल.