द्विनेत्री दृष्टी आणि ऑर्थोप्टिस्टचे कार्य

दोन डोळ्यांनी मिळून एकच चित्र पाहणे ही क्रिया वस्तुतः मेंदूची आहे. प्रत्येक नेत्रगोलक सहा स्नायू हलवितात. त्यांच्यात मेळ नसेल तर दोन प्रतिमा एकरूप होत नाहीत. हा मेळ तपासणे व शक्य तेथे पुन्हा साधणे, हे ऑर्थोप्टिस्टचे कार्यक्षेत्र होय. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील एमिल जावाल यांनी स्टिरिओस्कोपच्या साहाय्याने तिरळेपणावर व्यायाम योजले. ब्रिटनमध्ये मेरी मॅडॉक्स या पहिल्या ऑर्थोप्टिस्ट मानल्या जातात. आपल्याकडे हे काम बहुधा नेत्रतज्ज्ञ व ऑप्टोमेट्रिस्टच करतात.

प्रौढाला अचानक तिरळेपणा आला तर एकाच्या दोन वस्तू दिसतात. लहान मुलाचा मेंदू मात्र नको असलेली प्रतिमा दडपून टाकतो. त्यामुळे मूल तक्रार करीत नाही, आणि खरी अडचण येथेच आहे. दुर्लक्षित डोळा रचनेने निर्दोष असूनही मंद होत जातो. मांजरीच्या पिलांची एक पापणी काही काळ शिवून ह्यूबेल व वीझेल यांनी दृष्टिविकासातील हा नाजूक कालखंड दाखवून दिला. १९८१ च्या नोबेल पारितोषिकाचे ते मानकरी होते. दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असल्यासही मंददृष्टी येते, आणि ती बाहेरून मुळीच दिसत नाही. तिरळेपणा भाग्याचा मानणे किंवा तो ‘वयाबरोबर जाईल’ म्हणून थांबणे यांत नेमकी मोलाची वर्षे वाया जातात.

उपचारात प्रथम चष्मा, आणि तो पुरेसा न ठरल्यास चांगल्या डोळ्यावर पट्टी. मध्यम मंददृष्टीच्या सात वर्षांखालील मुलांत रोज २ तासांची पट्टी ६ तासांइतकीच गुणकारी ठरते, असे २००३ मधील अमेरिकन अभ्यासात आढळले. हा निष्कर्ष लहान वाटेल. पण पट्टी ओढून काढणाऱ्या मुलाच्या आईला त्याचे मोल कळते. मुलाला व पालकांना राजी ठेवणे हा ऑर्थोप्टिस्टच्या कौशल्याचा मोठा भाग आहे. डोळा आळीपाळीने झाकून, प्रिझमने तिरळेपणाचा कोन मोजणे हा दुसरा.

प्रौढांत पक्षाघात, मधुमेह किंवा थायरॉइडच्या विकारामुळे दुहेरी दिसू लागते. अशा वेळी प्रथम मूळ कारणाचा शोध तातडीने घ्यावा लागतो. नंतर चष्म्यावर चिकटविलेली प्रिझमची पातळ फिल्म रुग्णाला जिना उतरण्याइतका आधार देते.

सर्वच तिरळेपणा व्यायामाने जात नाही. अनेकदा शस्त्रक्रियाच लागते. मात्र जवळ पाहताना डोळे पुरेसे आत न वळण्याच्या दोषात व्यायामाची उपयुक्तता चांगली सिद्ध झाली आहे. २००८ मधील चाचणीत ९ ते १७ वयाच्या मुलांना १२ आठवडे चिकित्सालयात देखरेखीखाली दिलेले व्यायाम, केवळ घरी पेन्सिल नाकाजवळ आणण्यापेक्षा सरस ठरले. चष्म्याचा नंबर नसतानाही अर्ध्या तासाच्या वाचनात डोके दुखणारा, ओळी एकमेकींत मिसळतात असे सांगणारा विद्यार्थी आळशी नसून या दोषाचा रुग्ण असू शकतो.