‘मायसेटोमा’ : एका रोगनामाचा मुंबईतील उगम

गिरगावातील फणसवाडीत आज फणसाची बाग नाही. नाव मात्र टिकून आहे. रोगनामांचेही अनेकदा असेच होते. ज्या समजुतीतून नाव पडते ती मागे पडते आणि नाव पुढे चालत राहते. लॅटिनमध्ये ‘लांडगा’ असा अर्थ असलेला ‘ल्यूपस’ हा शब्द मांस कुरतडणाऱ्या त्वचाव्रणांसाठी रूढ झाला. आज तो त्वचेचा क्षय (ल्यूपस व्हल्गॅरिस) आणि प्रतिकारयंत्रणेच्या बिघाडातून होणारा ल्यूपस एरिथिमॅटोसस या सर्वस्वी भिन्न रोगांच्या नावांत आढळतो. अशाच एका रोगनामाचा उगम मुंबईत झाला. प्रस्तुत लेखात त्याचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

पाऊल सुजणे, त्यावर छिद्रे पडणे व त्यांतून पुवाबरोबर बारीक कण बाहेर येणे ही या रोगाची मुख्य लक्षणे होत. काटा रुतल्याने वा जखमेतून मातीतील सूक्ष्मजीव शरीरात शिरतात. त्यामुळे अनवाणी काम करणारे शेतकरी व मजूर त्याला अधिक बळी पडतात. मदुराई येथे १८४२ मध्ये जॉन गिल यांनी या रोगाची नोंद केली आणि पुढे तो ‘मदुरा फूट’ या नावाने ओळखला जाऊ लागला.

‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या १८५८ मधील ग्रंथाची चित्रे काढणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर त्याच वर्षी भारतात आले व मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापन करू लागले. या रोगाचे कारण बुरशी आहे असे प्रतिपादून त्यांनी १८६० च्या सुमारास ‘बुरशीची गाठ’ या अर्थाचे ‘मायसेटोमा’ हे ग्रीक धाटणीचे नाव सुचविले. त्यांचा प्रबंध १८७४ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा रीतीने स्थलवाचक नावाच्या जागी कारणवाचक नाव आले.

तथापि ते कारण अपुरे ठरले. व्हिन्सेंट यांनी १८९४ मध्ये या रोगातून वेगळा केलेला सूक्ष्मजीव जिवाणूंच्या वर्गातील असल्याचे पुढे निश्चित झाले. म्हणजेच मायसेटोमाच्या एका प्रकारात बुरशी मुळीच नसते. हा भेद केवळ शाब्दिक नाही. जिवाणुजन्य प्रकार दीर्घकाळ दिलेल्या प्रतिजैविकांनी बहुधा आटोक्यात येतो. बुरशीजन्य प्रकारात बुरशीनाशक औषधांबरोबर अनेकदा शस्त्रक्रियाही करावी लागते. सुरुवातीस वेदना बेताचीच असल्याने रुग्ण उशिरा येतो आणि प्रसंगी पाय गमावतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये मायसेटोमाचा दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत समावेश केला. कार्टर यांनी दिलेले नाव आजही रूढ आहे. परंतु उपचार ठरतो तो नावावरून नव्हे, तर कणांच्या तपासणीवरून.