वाजते ते कसे? (लेखांक ७) : वरातीतला बेंजो

सिन्नर तालुक्यात लग्नसराईत वरात निघाली, की नवरदेवाच्या आधी दिसते ती बेंजो पार्टीची गाडी. टेम्पोवर जनरेटर, स्पीकरची चळत, आणि त्यापुढे एक लांबट पेटी. पेटीवर तारा, तारांवर टाइपरायटरसारखी बटणे. सुरुवात आरतीने. मग एखादे भक्तिगीत, कोळीगीत, लावणी, आणि पोरे तापली की ‘सैराट’मधले ‘झिंगाट’. वाद्य तेच, वाजवणाराही तोच. पण आरतीतला बेंजो आणि ‘झिंगाट’मधला बेंजो ऐकला तर ही एकच पेटी आहे यावर नवख्याचा विश्वास बसणार नाही.

चामड्याने मढवलेल्या अमेरिकी बँजोशी या पेटीचे काही नाते नाही. ती मूळची जपानी. नागोया शहरातल्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये ती घडवली. त्याच वर्षी जपानात ताइशो राजवट सुरू झाली, म्हणून नाव पडले ताइशोगोतो. आपल्याकडे ती बुलबुल तरंग झाली, बलुचिस्तानात बेंजू, आणि पूर्व आफ्रिकेत मोंबासाच्या तारब या गानप्रकारातल्या गायकांच्या साथीलाही जाऊन बसली. महाराष्ट्रात मात्र तिने घरातली चटई सोडून थेट रस्ता धरला. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये तिच्या वादकांवर ‘बँजो’ हा हिंदी चित्रपटही काढला.

डाव्या हाताने बटण दाबले की तार खालच्या पट्टीवर टेकते आणि सूर ठरतो. उजव्या हातातली नखी तार छेडते. सूर लगेच विरतो. त्यामुळे लांब सूर धरायचा तर नखी तारेवर भराभर पुढेमागे फिरवावी लागते. बेंजोची ती ओळखीची थरथर इथून येते. बटणे जागच्या जागी पक्की, म्हणून सतारीसारखी मींड नाही. लावणीतली मुरड दाखवायला वादक शेजारच्या सुरांना निसटता स्पर्श करत मुख्य सुरावर येतो. सक्तीची काटकसर म्हणा हवे तर, पण लावणीला तो ठसका शोभतो.

आवाजाचा पोत ठरतो तो मुख्यतः नखी कुठे पडते त्यावर. तार एकाच वेळी अख्खी हलते आणि अर्ध्या, तिसऱ्या, चौथ्या भागांतही हलते. टोकाच्या घोडीजवळ छेडली की या छोट्या भागांचे उपस्वर वर येतात आणि आवाज कडक, खणखणीत होतो. मधल्या बाजूला सरकले की तोच सूर गोल, मऊ लागतो.

मागच्या लेखांकातल्या बेस गिटारलाही हाच नियम लागू होतो. फेंडर कंपनीने १९६० मध्ये आणलेल्या ‘जॅझ बेस’ला दोन पिकअप (तारेची हालचाल विजेत बदलणारे चुंबक) आहेत, एक मानेकडे आणि एक घोडीकडे. बेसवादक जॅको पास्टोरियस याने घोडीकडच्या पिकअपवर भर देऊन, पट्ट्या काढलेल्या बेसमधून गाता सूर काढला. त्याच कंपनीच्या ‘प्रिसिजन बेस’वर मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या जेम्स जेमर्सनने जुन्या गुळगुळीत तारा आणि घोडीपाशी फोमचा तुकडा ठेवून दबका, ठोस ठेका दिला. मुंबईच्या मोहिनी डे बेसची तार अंगठ्याने अशी आपटतात, की ती जवळजवळ तालवाद्य होते.

वरातीतल्या बेंजोलाही तारांखाली पिकअप असतो. पोलादी तार हलली की चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यात वीज उमटते. ती पुढे मिक्सरमध्ये जाते. तिथे टोन कमी-जास्त करता येतो, इको चढवता येतो. इकोचा सोस अनेकांना भोवतो: जलद गाण्यात सूर एकमेकांवर चढतात आणि उरतो नुसता गलका. कसलेले वादक आरतीला इको सोडतात आणि नाचाच्या गाण्याला आवरता घेतात.

एवढ्या ढोलताशांत ही बारीक तार ऐकू कशी येते? माणसाचा कान साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो, आणि बेंजोचे उपस्वर नेमके तिथे गर्दी करतात. ढोलाचा घुमारा त्याच्या पुष्कळ खाली राहतो. चारतारी बेस गिटारची सर्वांत खालची तार तर ४१ हर्ट्झच्या आसपास असते. ती छातीत जाणवते, पण चाल काही तिच्यावरून ओळखू येत नाही. गल्लीच्या टोकाला उभ्या असलेल्याला कोणते गाणे चालू आहे ते कळते ते बेंजोमुळे.

पुढच्या लेखांकात याच मिरवणुकीतला संबळ.