सांत्वनपत्रावरची सही

(द्वितीय वर्ष, कला)

लग्नपत्रिकेचा मजकूर कसा असावा हे छापखानेवालाच सांगतो. त्याच्यापाशी नमुन्यांची जाडजूड वही असते. रजेचा अर्ज, मागणीपत्र, तक्रारपत्र आपण शाळेत घोकलेले असते. परंतु बरोबर काम करणाऱ्या माणसाच्या घरी मृत्यू झाला आणि सर्वांच्या वतीने चार ओळी लिहून खाली सह्या करायच्या, असा प्रसंग आला की भलेभले पेन खाली ठेवतात. कचेरी, कारखाना, शाळा, बँक, कोठेही हा प्रसंग येतो. आपल्यापैकी बरेच जण वर्ष-दोन वर्षांत नोकरीच्या शोधात बाहेर पडणार आहेत. म्हणून या लहानशा पण नाजूक विषयाची थोडी मांडणी करावीशी वाटली.

दुःखाच्या पत्राची आपल्याकडे एक रीत होती. एरवी कागदाच्या माथ्यावर ‘श्री’ घालणारा माणूस मृत्यूची बातमी कळवताना तो घालीत नसे. असे कार्ड वाचून झाले की फाडून टाकीत, घरात ठेवीत नसत. तातडीची बातमी तारेने जाई. तारेला शब्दागणिक पैसे पडत, त्यामुळे दुःखही मोजक्या शब्दांत मावे. दारात तारवाला दिसला की बायका आधीच डोळ्यांना पदर लावीत, असे माझी आजी सांगे. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. बातमीचे पत्र असे फाडले जाई. सांत्वनाचे पत्र मात्र पुष्कळ घरांत जपून ठेवतात. ते पुन्हा पुन्हा वाचले जाणार आहे, हे लिहिणाऱ्याने प्रथम ध्यानी धरावे.

श्रद्धांजली आणि सांत्वन यांत आपण नेहमी गल्लत करतो. श्रद्धांजली गेलेल्या माणसाला वाहायची असते. ती शोकसभेत, ठरावात, फलकावर शोभते. सांत्वन मागे राहिलेल्याचे करायचे असते. सांत्वनपत्राचा वाचक जिवंत आहे आणि उद्या-परवा तो आपल्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसणार आहे. एवढे उमजले की पुढचे सारे नियम आपोआप सुचतात.

पहिला नियम शब्दांचा. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी. हिंदू घरात तो शब्द चालतो, पण कामाच्या ठिकाणी सगळे एकाच धर्माचे नसतात. मराठीत मुसलमान माणसासाठी ‘पैगंबरवासी’, ख्रिस्ती माणसासाठी ‘ख्रिस्तवासी’ आणि बौद्ध माणसासाठी ‘कालकथित’ असे शब्द रूढ आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा घेतली, त्या वाटेने गेलेली कितीतरी घरे आपल्या आसपास आहेत. बौद्ध विचारात नित्य आत्मा मानलेला नाही. अशा घरी ‘मृतात्म्यास चिरशांती लाभो’ असे लिहून पाठवले, तर हेतू चांगला असूनही आपण त्या घराला ओळखत नाही, एवढेच त्यांना कळते. शंका वाटली तर सरळ लिहावे : ‘तुमचे वडील गेल्याचे कळले. आम्हां सर्वांना फार वाईट वाटले.’ ही वाक्ये कोणत्याही घरी चालतात.

‘वय झालेच होते’, ‘सुटल्या बिचाऱ्या’, ‘ईश्वरेच्छेपुढे इलाज नाही’ ही वाक्ये घरच्या माणसाने म्हणावीत, आपण लिहू नयेत. ‘काही लागले तर कळवा’ हेही वाक्य मोघम आहे; कारण दुःखात बुडालेला माणूस कळवीत नाही. त्यापेक्षा ‘तेराव्यापर्यंतच्या तुमच्या पाळ्या आम्ही वाटून घेतल्या आहेत, घाई करू नका’ या एका वाक्याने जास्त आधार मिळतो.

दुसरा नियम सह्यांचा. याचे महत्त्व मला आमच्याच घरी कळले. माझे वडील एस. टी.च्या एका डेपोत वर्कशॉपला आहेत. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. गेल्या वर्षी आजी वारली, तेव्हा डेपोतून दोघेजण एकतीस सह्यांचे पत्र घेऊन आले. वडिलांनी ते माझ्या हाती दिले. ‘दुःखद निधन’, ‘कधीही भरून न येणारी पोकळी’ असा टाईप केलेला मजकूर मी वाचून दाखवला. वडिलांच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही. मग त्यांनी कागद मागून घेतला आणि बोट ठेवून एकेक सही वाचू लागले. ‘हा तर रात्रपाळीला असतो, ह्यानं कधी केली?’ असे मधूनच म्हणत. एका सहीपुढे वाकड्या अक्षरात लिहिले होते, ‘आईंनी दिलेली शेंगदाण्याची चटणी आम्ही तिघं मिळून खायचो.’ तेथे त्यांचे बोट बराच वेळ थांबले. सर्वांत खाली झाडलोट करणाऱ्या मावशींचा अंगठा होता आणि शेजारी कोणीतरी त्यांचे नाव लिहिले होते. ‘तिलाबी विचारलं म्हणायचं,’ एवढेच वडील बोलले. तो कागद आज ट्रंकेत रेशनकार्डाशेजारी आहे.

म्हणून सही अशी करावी की घरच्यांना नाव वाचता यावे. बँकेच्या चेकवर करतो तसली गिचमिड येथे उपयोगाची नाही. तशीच सही असेल तर खाली पूर्ण नाव लिहावे. गेलेल्या माणसाची एखादी खरी आठवण असेल तर एक ओळ जरूर लिहावी. नसेल तर नुसते नाव पुरे, आठवण रचू नये. साहेब वर आणि शिपाई तळाला अशी हजेरीपत्रकाची उतरंड नको. कागद जसा फिरेल तशा सह्या पडू द्याव्यात. रजेवरच्या माणसाची सही दुसऱ्याने ठोकू नये, त्याला फोन करून विचारावे. ज्याचे त्या सहकाऱ्याशी बोलणे नाही, त्याच्यावर सक्तीही करू नये. आणि कंत्राटी कामगार, सफाईवाल्या मावशी, चहावाला पोरगा यांना विचारल्याशिवाय कागद पाकिटात घालू नये. अनेकदा खरी ओळख त्यांचीच असते.

वर्गणी काढली असेल तर तिची यादी वेगळी ठेवावी. नावापुढे रक्कम लिहिलेला कागद सांत्वनपत्राबरोबर गेला, तर वाचणाऱ्याच्या मनात परतफेडीचा हिशेब सुरू होतो.

हल्ली मोबाइलच्या ग्रुपवर बातमी पडताच ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ चाळीस वेळा उमटते. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. बातमी पोचल्याची ती पावती आहे. पण एकाने लिहिलेले बाकीचे उचलतात आणि संध्याकाळी त्याच ग्रुपवर वाढदिवसाचा केक येतो. कागद मात्र हातोहात फिरतो. प्रत्येकाला क्षणभर थांबून पेन उघडावे लागते, आणि तेवढा वेळ तो त्या माणसाचाच विचार करतो.

शेवटी पत्र पोचवण्याविषयी. ते टपालाने न पाठवता दोघांनी घरी नेऊन द्यावे, फार बोलू नये, आणि आपल्या रीतीप्रमाणे निघताना ‘येतो’ म्हणू नये. सहकारी कामावर परतला की सर्वांनी त्याच्याभोवती गोळा होऊन पुन्हा तीच चौकशी करू नये. पत्रात जे सांगायचे ते सांगून झालेले असते. त्या दिवशी त्याच्यासाठी नेहमीचा चहा मागवावा आणि त्याला बोलावेसे वाटले तर ऐकून घ्यावे.