मोटारधंद्यातली सावड

वाचकहो, सावड म्हणजे काय हे खेड्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. पण शहरात वाढून खेड्यात नोकरीला आलेल्या एखाद्या शिक्षकासाठी दोन शब्द सांगतो. एका शेतकऱ्याजवळ एकच बैल असतो, शेजाऱ्याजवळही एकच. एका बैलाने नांगर चालत नाही. मग दोघे आपापले बैल एका जुवाखाली आणतात. आज याचे शेत, उद्या त्याचे. नांगरट सामायिक, पीक मात्र ज्याचे त्याचे. बाजारात दोघेही आपापली ज्वारी घेऊन शेजारी शेजारी बसतात आणि गिऱ्हाईक आपल्याच पोत्याकडे यावे म्हणून दोघेही हाका घालतात. यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

माझ्या लहानपणी आमच्या घराची अशी सावड होती. एका वर्षी पेरणीच्या तोंडावर शेजाऱ्यांच्या बैलाचा खूर दुखावला. आमचा बैल धडधाकट, पण पेरणी मात्र दोन्ही शेतांची खोळंबली. ही गोष्ट लक्षात ठेवा; पुढे तिचे काम पडणार आहे.

आता मोटारींकडे वळू. एकमेकींशी चढाओढ करणाऱ्या मोठमोठ्या मोटार कंपन्या विजेवर चालणाऱ्या गाड्या बनवताना आज अशीच सावड करू लागल्या आहेत. जपानमधली टोयोटा आणि सुबारू, जर्मनीतली फोक्सवॅगन आणि अमेरिकेतली फोर्ड, ही त्यांतली ठळक नावे. गाड्यांची नावे वेगळी, दुकाने वेगळी, जाहिराती वेगळ्या. पण खालचा पाया एकच. या पायाला त्या धंद्यात 'प्लॅटफॉर्म' म्हणतात. रेल्वेच्या फलाटाशी त्याचा संबंध नाही. आपण त्याला सांगाडा म्हणू.

सांगाडा म्हणजे नेमके काय? आपली एस. टी. डोळ्यांपुढे आणा. महामंडळ अनेक वर्षे मोटार कंपन्यांकडून चासी विकत घेत आले आणि दापोडी, चिकलठाणा, हिंगणा येथल्या आपल्या कार्यशाळांत त्यांच्यावर बॉडी बांधत आले. खालचे एकाचे, वरचे दुसऱ्याचे. हे झाले सर्वांत सोपे उदाहरण. आजच्या लहान मोटारीत चासी आणि बॉडी अशी सरळ फारकत करता येत नाही. दोन्ही एकजीव असतात. म्हणून तिथे सांगाडा म्हणजे गाडीचा तळ, चाके जिथे बसतात ती जोडणी, सुकाणू, ब्रेक, तारांचे जाळे, आणि हे सारे कुठे व किती अंतरावर बसवायचे याची ठरलेली मापे. गिऱ्हाईक ज्याच्याकडे पाहून गाडी पसंत करते तो चेहरामोहरा, दिवे, बैठका, रंग हे सारे त्याच्यावर चढवलेले असते.

विजेच्या गाडीत या सांगाड्याचे महत्त्व फार वाढते. पेट्रोलच्या गाडीत पुढे इंजिन, मध्ये गिअर, मागे टाकी, आणि पोटाखालून जाणारी धुराची नळी. विजेच्या गाडीत यांतले काहीच नसते. तिथे असते एक मोठी, जड, सपाट बॅटरी आणि चाके फिरवणारी एक किंवा दोन विद्युत् मोटारी. जुन्या पेट्रोलगाडीत ही बॅटरी कोंबायची म्हटली तर ती कोपऱ्याकोपऱ्यांत तुकडे करून बसवावी लागते. त्यापेक्षा पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये सबंध तळभर बॅटरी अंथरावी हे बरे. ओझे खाली राहते. गाडीत पोती खाली रचली की गाडी कलंडत नाही, शीग उंच गेली की वळणावर जीव मुठीत धरावा लागतो. तसाच हा हिशेब.

पण बॅटरीला जाडी असते, आणि तेवढा गाडीचा तळ वर उचलला जातो. ठेंगण्या गाडीत मग माणसाचे गुडघे छातीशी येतात. गाडी थोडी उंच केली की ही अडचण सुटते. जीपसारखी उंच दिसणारी, पण मोटारगाडीच्या पद्धतीने एकजीव बांधलेली अशी जी गाडी, तिला 'क्रॉसओव्हर' म्हणतात. विजेच्या इतक्या गाड्या याच घाटाच्या का दिसतात, त्याचे एक कारण हे असे पायाखाली आहे. दुसरे कारण अर्थात गिऱ्हाइकाची आवड.

तेव्हा विजेच्या गाडीला नवा सांगाडा हवा. आणि नवा सांगाडा फार महाग पडतो. समजा, तो तयार करायला १,००० कोटी रुपये लागले आणि कंपनीने त्याच्यावर एक लाख गाड्या विकल्या. प्रत्येक गाडीवर एक लाख रुपयांचा बोजा पडला. आता दोन कंपन्यांनी मिळून त्याच सांगाड्यावर दोन लाख गाड्या विकल्या, तर बोजा ५० हजारांवर आला. आकडे मी सोईसाठी घेतले आहेत, पण हिशेबाची रीत खरी आहे. शाळेत भागाकार शिकवताना हे गणित फळ्यावर जरूर मांडावे.

आता प्रत्यक्ष उदाहरण पाहू. टोयोटा हा जगातला अतिशय मोठा कारखानदार, सुबारू त्यामानाने लहान. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाड्या बनवण्यात सुबारूचा हात बसलेला. बॅटरी आणि विद्युत् मोटारी यांचा अनुभव टोयोटाजवळ मोठा. २०१२ साली या दोघांनी मिळून एक लहान शर्यती थाटाची मोटार बाजारात आणलीच होती. तिचे इंजिन सुबारूचे होते. जून २०१९ मध्ये त्यांनी विजेच्या गाड्यांसाठी एकत्र सांगाडा तयार करण्याचे जाहीर केले. त्यातून २०२२ साली दोन गाड्या निघाल्या: टोयोटाची 'बीझेड-फोर-एक्स' आणि सुबारूची 'सोल्टेरा'. सोल म्हणजे सूर्य आणि टेरा म्हणजे पृथ्वी, हे लॅटिन शब्द. दोन्ही गाड्या टोयोटाच्याच मोतोमाची कारखान्यात तयार झाल्या. दोहोंतली बॅटरी ७१.४ किलोवॅट-तासांची. आपल्या विजेच्या बिलात ज्याला आपण युनिट म्हणतो, तोच एक किलोवॅट-तास. म्हणजे महिन्याला ७० युनिट जाळणाऱ्या घराची महिन्याभराची वीज त्या गाडीच्या तळात मावते.

इथपर्यंत सगळे गोड झाले. आता दुखावलेल्या खुराची गोष्ट.

मे २०२२ मध्ये टोयोटाची ही गाडी जपानच्या बाजारात आली. जून महिना संपायच्या आत कंपनीला ती परत बोलवावी लागली. चाक ज्या बोल्टांनी तुंब्याला आवळलेले असते ते बोल्ट सैल होऊन चाक निखळून पडण्याची भीती होती. जगभर मिळून टोयोटाच्या सुमारे २,७०० गाड्या होत्या. दोष दूर होईपर्यंत गाडी चालवू नका, असे मालकांना सांगण्यात आले. आणि त्याबरोबर सुबारूलाही आपली सोल्टेरा परत बोलवावी लागली. का? बोल्ट तोच, तुंबा तोच, कारखाना तोच. एकाच वेळी दोन पाट्यांची दुकाने अडचणीत आली. उपाय सापडून उत्पादन पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर उजाडला.

यातून काय समजावे? सावड वाईट, असे मुळीच नाही. गाड्या थोड्या विकल्या गेल्या होत्या तोवरच दोष कळला आणि तो उघडपणे सांगण्यात आला, ही जमेची बाजू. पण खर्च वाटून घेतला की धोकाही वाटून घ्यावा लागतो. एकाचे नुकसान ते दोघांचे. आणि गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिले तर, दोन कंपन्यांच्या दोन गाड्या समोर उभ्या आहेत म्हणजे निवडीला दोन गोष्टी आहेत, असे दर वेळी म्हणता येत नाही. काही बाबतींत ती एकच गोष्ट असते.

दुसरे उदाहरण फोर्डचे. फोक्सवॅगनचा 'एम-ई-बी' नावाचा सांगाडा आहे. तिची 'आयडी-फोर' ही गाडी त्याच्यावरच उभी आहे. जुलै २०१९ मध्ये ठरले की, युरोपात फोर्डनेही हा सांगाडा वापरायचा. फोर्डने जर्मनीतल्या कोलोन येथल्या आपल्या कारखान्यात मोठी रक्कम घालून तो नवा केला आणि २०२४ साली तिथे 'एक्सप्लोरर' ही विजेची क्रॉसओव्हर तयार होऊ लागली. सुबारूपेक्षा हा मामला निराळा: सांगाडा दुसऱ्याचा, पण कारखाना आणि कामगार आपले. तरीही पुढचा मार्ग सोपा गेला नाही. युरोपात विजेच्या गाड्यांना अपेक्षेएवढे गिऱ्हाईक मिळाले नाही, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये फोर्डने जाहीर केले की, जानेवारी २०२६ पासून कोलोनचा कारखाना एकाच पाळीत चालेल. शेकडो कामगारांच्या नोकऱ्यांवर त्याने गदा आली. सावडीने नांगरट स्वस्त होते. पाऊस पाडणे काही सावडीच्या हातात नसते.

हे सगळे दूरदेशीचे झाले, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. गुजरातेत हंसलपूर येथे सुझुकीचा कारखाना आहे. तिथे ऑगस्ट २०२५ मध्ये 'ई-विटारा' या विजेच्या गाडीची निर्यात सुरू झाली. तिचा सांगाडा सुझुकी, टोयोटा आणि दायहात्सू या तिघांनी मिळून तयार केला. आणि त्याच सांगाड्यावरची गाडी सुझुकीकडून घेऊन टोयोटा आपल्या नावाने विकते. गंमत पाहा: सुबारूला गाडी बनवून देणारी टोयोटा इथे दुसऱ्याकडून बनवून घेते. सावडीत कायमचा मोठा आणि कायमचा धाकटा असे नसते. ज्याचे जे चांगले, ते त्याने आणावे.

आणखी जवळ यायचे तर आपले चाकण. तिथे महिंद्रच्या विजेच्या गाड्या होतात. त्यांचा 'इंग्लो' नावाचा सांगाडा कंपनीचा स्वतःचा आहे. पण त्याच्यासाठी फोक्सवॅगनच्या 'एम-ई-बी'मधले काही विजेचे भाग आणि बॅटरीचे घट घेण्याचा करार फेब्रुवारी २०२४ मध्ये झाला. त्याच चाकणला फोक्सवॅगनचाही कारखाना आहे. म्हणजे अख्खा बैल नको, पण औताचे चार भाग तुझ्याकडून घेतो, असाही व्यवहार होऊ शकतो.

मंडळी, गावच्या मुलांपैकी कितीतरी आज अशा कारखान्यांत काम शोधायला जातात. उद्या आपल्यापैकी कोणी विजेची गाडी घ्यायलाही जाईल. दुकानदार रंग दाखवील, दिवे दाखवील, पडदा दाखवील. ते पाहावे, आवडीला मोल आहेच. पण नंतर शांतपणे तीन प्रश्न विचारावेत. हिचा सांगाडा कोणाचा? त्याच सांगाड्यावर आणखी कोणाची गाडी चालते? आणि तिच्यात आजवर काही दोष निघाला होता का, निघाला असेल तर तो कसा दूर केला? बैल विकत घेताना आपण शिंगांना लावलेला रंग पाहून पैसे मोजत नाही. दात पाहतो, खूर उचलून पाहतो. विजेच्या गाडीचा खूर तिच्या तळात आहे. तो पाहायची सवय आपण लावून घेऊ या.